डिप्लोमा झाला, नोकरी लागली, मग डिग्री कशाला?

मंजिरी_को
नमस्कार मंडळी. आमच्या घरात गेला महिनाभर एकच विषय चाललाय, म्हणून इथे विचारते.

माझा भाचा जुन्नरकडचा. दहावीनंतर मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, मार्क चांगले पडले. गेल्या वर्षी चाकणच्या एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला लागला. हातात अठरा हजार पडतात, बस आणि कॅन्टीन कंपनीचं. मोशीला मित्रांबरोबर खोली करून राहतो, रविवारी आमच्याकडे जेवायला असतो.

भावजींचं म्हणणं, डायरेक्ट सेकंड इयरला ॲडमिशन घे, तीन वर्षांत इंजिनिअर होशील. हा म्हणतो, "मावशी, आमच्या लाइनवर दोन बीई आहेत, पगार माझ्याएवढाच." खाजगी कॉलेजची फी वर्षाला लाखाच्या पुढे, वर होस्टेल, मेस. कॅप राउंड, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेशफेऱ्या, सुरू व्हायच्या आत ठरवायचंय आणि भावजी म्हणतात तू समजाव त्याला. मलाच काही समजेना, त्याला काय समजावू? नोकरी मिळायला डिग्रीने खरंच फरक पडतो का? एमआयडीसीशी संबंध असलेल्यांनी जरूर लिहा. "शिक्षण कधी वाया जात नाही" हे वाक्य भावजींचं वापरून झालंय, ते सोडून बोला.

कट्टेकरी
शिक्षण कधी वाया जात नाही.

(पळतोय.)

नाना_भोसरी
ताई, माझं भोसरीला छोटं वर्कशॉप आहे. चार व्हीएमसी, दोन सीएनसी लेथ, म्हणजे प्रोग्रॅमवर धातू कापणारी मशिनं. वीस वर्षं पोरं घेतोय कामाला, तेव्हा जे बघितलं ते सांगतो.

मी इंटरव्ह्यू घेत नाही. टेबलावर एक ड्रॉइंग ठेवतो, एक जॉब, म्हणजे मशिनवर केलेला पार्ट, ठेवतो आणि मायक्रोमीटर हातात देतो. ह्याचा डायमीटर सांग म्हणतो, बास. मागच्या दिवाळीनंतर दोघं एकाच दिवशी आले. एक बीई, फर्स्ट क्लास. त्याने मायक्रोमीटर थेट जॉबला लावला, थिंबल धरून पिळला, दाब सारखा ठेवणाऱ्या रॅचेटला हातच नाही, आणि आकडा सांगितला तो चांगला पाच-सहा शतांश मिलिमीटरने चुकीचा. दुसरा औंध आयटीआयचा मशिनिस्ट. त्याने आधी खिशातून कागदाचा कपटा काढला, दोन्ही तोंडांमध्ये धरून ओढला म्हणजे तेल-धूळ निघते, मायक्रोमीटर मिटवून झिरो बघितला, मग जॉब पुसला, तीन ठिकाणी माप घेतलं आणि मला विचारलं, "साहेब, हे थोडं ओव्हल आलंय, कुठलं सांगू?"

कुणाला घेतला असेल ते सांगायला नको. पगार पण त्या बीईने मागितला होता त्यापेक्षा जास्त देतोय. तुमचा भाचा क्वालिटीला आहे म्हणजे मापाची सवय लागलेली आहे. त्याला उचलून परत वर्गात बसवू नका.

रास्तापेठी
नाना, जियो! लक्ष्मणराव किर्लोस्करांकडे कुठली डिग्री होती? ओसाड माळावर कारखाना काढलाच ना?

आकडेमोड
@रास्तापेठी, अर्धीच गोष्ट सांगताय. लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर चित्रकला सोडून यांत्रिक ड्रॉइंग शिकले आणि पुढे व्हीजेटीआयमध्ये, म्हणजे तेव्हाच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकलमध्ये, चक्क शिकवायला होते. किर्लोस्करवाडी १९१० ची, त्याच्या कितीतरी नंतरची. पदवी नव्हती हे खरं, पण शिक्षण नव्हतं असं नाही. दर धाग्यात लक्ष्मणरावांना वेठीला धरू नका. आता कुणीतरी तेंडुलकर काढेल.

कट्टेकरी
तेंडुलकर.

शर्वरी_एचआर
मी बारा-तेरा वर्षं एचआरमध्ये आहे, सध्या हिंजवडीत, आधी ऑटो कंपन्यांत. नानांच्या वर्कशॉपमध्ये नाना स्वतः बघतात, म्हणून तिथे मायक्रोमीटर चालतो. मोठ्या कंपनीत तुमचा भाचा माझ्यासारख्या बाईपर्यंत पोचायच्या आधी एका पोर्टलमधून जातो. त्यात "किमान पात्रता" असा एक रकाना असतो. बीई/बीटेक टाकलं की डिप्लोमावाल्यांचे अर्ज आम्हाला दिसतसुद्धा नाहीत. वाईट वाटतं, पण एका जागेला इतके अर्ज येतात की काहीतरी चाळणी लावावीच लागते. डिग्री ही बऱ्याचदा आमची सोय असते, उमेदवाराची गुणवत्ता नव्हे. "दहावी-बारावी-बीई सगळीकडे साठ टक्के" ही अटही त्यातलीच.

दुसरी गोष्ट ग्रेडची. पहिल्या नोकरीत डिप्लोमा आणि बीई ह्यांच्या पगारात फार फरक नसेलही. भाचा आज जे बघतोय ते बरोबर बघतोय. फरक सहाव्या-सातव्या वर्षी दिसतो. एका ठिकाणी मी होते तिथे ऑफिसर ग्रेडला "किमान पदवी" असं पॉलिसीत लिहिलेलं होतं. प्लांट हेड स्वतः येऊन सांगत होता की ह्या डिप्लोमावाल्याला वर घ्या, लाइन तोच चालवतो. नाही घेता आलं.

आयटीत बारावीनंतर मुलं घेणारे कार्यक्रम आहेत, एचसीएलचा टेकबी आहे. विप्रो बीएस्सी, बीसीए झालेल्यांना घेते आणि नोकरी करता करता एमटेक करायची सोय देते. टेकबीतही सोबत पदवीची सोय असतेच. डिग्री नको म्हणून पोरं घेणाऱ्या कंपन्यासुद्धा शेवटी त्यांच्या हातात डिग्री ठेवतात, ह्यातच काय ते आलं.

विक्या_चाकण
शर्वरीताई लाख बोललात. मी डिप्लोमा, नऊ वर्षं चाकण. कंपनीचं नाव घेत नाही. दरवर्षी जुलैत जीईटी येतात, ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी. त्यांना फिक्स्चर कसं लावायचं, रिजेक्शन कुठं टाकायचं, पीपीएपीची, म्हणजे नवीन पार्ट कस्टमरकडून मंजूर करून घ्यायची, फाइल कशी भरायची, सगळं आम्ही शिकवायचं. दीड वर्षानं त्यातलाच एक आपला रिपोर्टिंग साहेब. त्याच्या मेलला आपण "नोटेड सर" करायचं. पोरगं वाईट नव्हतं ओ, आजही चहा पाजतं. पण अप्रेझलचा फॉर्म तोच भरतो.

नानांना एकच विचारतो, तुमच्या त्या आयटीआयवाल्याला दहा वर्षांनी काय करणार? तुमच्याकडं मॅनेजरची खुर्ची एकच, तिच्यावर तुम्ही.

नाना_भोसरी
@विक्या, माझ्या खुर्चीवर कुणी बसत नाही रे, मी पण नाही. दिवसभर मशिनपाशीच असतो.

पण तुझं म्हणणं खरं आहे. माझ्याकडून गेलेल्या दोघांनी स्वतःची मशिनं टाकली, एकाने कुदळवाडीत, एकाने तळवड्यात. आमच्यात वर जायचा रस्ता तोच, बाहेर पडून स्वतःचं काढायचं. त्याला कर्ज लागतं आणि छाती लागते. बँकेने डिग्री विचारली नाही, जागेचे कागद विचारले.

काकू_बिबवेवाडी
तुम्ही सगळे नोकरीचंच बोलताय. लग्नाचं काय? माझ्या दिराच्या मुलाचं चाललंय सध्या. मुलगा एकोणतीस वर्षांचा, डिप्लोमा, पगार चाळीसच्या पुढे, मोशीला स्वतःचा फ्लॅट. वधू-वर केंद्रातल्या बाईंनी तोंडावर सांगितलं, "ग्रॅज्युएट लिहिता येत नाही ना, मग स्थळं कमीच येणार." मुली बीकॉम, बीएस्सी असतात, त्यांच्या घरी चालत नाही. वीस हजारवाला बीई असता तर रांग लागली असती.

रास्तापेठी
काकू, म्हणजे लाखाची फी ही कॉलेजची नव्हे, स्थळाची!

काकू_बिबवेवाडी
हसा. तुमच्या घरी उपवर मुलगा आला की कळेल.

सदाशिव_३०
डिग्रीचा एक उपयोग कुणीच लिहिला नाही. फॉर्म भरता येतो. राज्यसेवेला पदवी लागते. डिप्लोमावर सिव्हिलवाल्यांना कनिष्ठ अभियंत्याची भरती मिळते, पण तहसीलदार, डीवायएसपी व्हायचं स्वप्न असेल तर डिप्लोमा चालत नाही.

आता दुसरी बाजू. मी स्वतः बीई करून नवी पेठेतल्या अभ्यासिकेत बसतो. माझ्या ओळीत सगळे पदवीधर. एमए आहेत, बीई आहेत, एक बीफार्म आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत ४६४४ जागांसाठी १० लाखांहून जास्त अर्ज आले होते. डिग्रीने दार उघडतं हे बरोबर, फक्त आत आधीच किती गर्दी आहे ते कॉलेजच्या माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

आकडेमोड
त्याच गर्दीचा देशपातळीवरचा आकडा देतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२४ मध्ये भारतातल्या रोजगारावर अहवाल काढला. त्यात २०२२ साली तरुण पदवीधरांमधली बेरोजगारी २९.१ टक्के दिली आहे आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमधली ३.४ टक्के.

कट्टेकरी
झालं तर मग. उद्यापासून लिहिणं-वाचणं बंद. सुरुवात ह्या धाग्यापासून.

आकडेमोड
हा आकडा सगळीकडे असाच फिरवतात म्हणून पुढचं लिहितो. अशिक्षित माणसाला बेकार राहणं परवडत नाही. तो सकाळी मजूर अड्ड्यावर उभा राहतो आणि मिळेल ते काम घेतो, त्यामुळे तो "बेरोजगार" मोजला जात नाही. पदवीधर घरी थांबू शकतो, कारण कुणीतरी कमावतंय. शिवाय अड्ड्यावर उभं राहायला त्याला आणि त्याच्या आईबापांना लाज वाटते. सदाशिव_३० आणि त्याची अभ्यासिका ह्या २९ टक्क्यांत येतात. तेव्हा डिग्रीमुळे बेकारी येते असा अर्थ काढू नका. डिग्रीला साजेसं काम नाही, आणि त्याखालचं करायची मनाची तयारी नाही, असा काढा.

सदाशिव_३०
तयारी नाही हे इतकं सरसकट लिहू नका. रात्री डिलिव्हरी करून दिवसा अभ्यासाला बसणारे आहेत आमच्यात.

आकडेमोड
मान्य. तेवढं वाक्य मागे घेतो.

रास्तापेठी
डिग्रीची किंमत सरकारने केव्हाच ठरवून दिलीय. २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आठवा. विद्यावेतन बारावीला महिना ६०००, आयटीआय-डिप्लोमाला ८०००, पदवीधराला १०,०००. म्हणजे भाच्याने तीन लाख भरून डिग्री घेतली तर महिना दोन हजाराचा फायदा. फी वसूल व्हायला साडेबारा वर्षं.

शर्वरी_एचआर
आणि ती योजना सुरू झाली तेव्हा मुदत सहा महिन्यांची होती. :D

जुनाजाणता
आमच्या वेळी नोकरी सांभाळून एएमआयई करायचे. कोलकात्याच्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची परीक्षा. दोन्ही सेक्शन पास झालं की बीईच्या बरोबरीचं धरायचे. पिंपरीतले माझे कितीतरी सहकारी शिफ्ट संपवून त्याचा अभ्यास करायचे. कॉलेजचं तोंड न बघता इंजिनिअर झालेली माणसं आहेत ती, आणि फार पक्की. मंजिरीताई, भाच्याला तो मार्ग सुचवा.

विक्या_चाकण
काका, ते आता बंद झालंय. ३१ मे २०१३ पर्यंत ज्यांनी नाव घातलं त्यांचंच एएमआयई सरकार डिग्रीच्या बरोबरीचं धरतं. मी चौकशी करून बसलोय.

जुनाजाणता
अरेरे. चांगली गोष्ट होती.

विक्या_चाकण
पण दुसरा रस्ता निघालाय. २०२३-२४ पासून एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं, नोकरदारांसाठी वेगळी सोय केलीय, वर्किंग प्रोफेशनल म्हणून. किमान एक वर्षाची नोकरी पायजे, कॉलेज कामाच्या किंवा राहायच्या जागेच्या आसपासचं पायजे, वर्ग संध्याकाळी नाहीतर सुट्टीच्या दिवशी. डिप्लोमावाल्याला त्यातनं पण थेट सेकंड इयर मिळतं. कंपनीकडनं अनुभवाचं पत्र आणि ना-हरकत लागते. आमच्यातले दोघं करतायत. शिफ्ट बदलून घ्यायला सुपरवायझरच्या मागं लागावं लागतं, बाकी चाललंय.

मंजिरी_को
@विक्या, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं! भावजींना तर नाहीच. भाच्याचं एक वर्ष जुलैत पुरं होतंय.

एम३_पीडित
थांबा थांबा. डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला गेलेला माणूस म्हणून एक जबाबदारीचं काम करतो. मंजिरीताई, भाच्याला विचारा, एम-थ्री हे नाव ऐकलंय का?

इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स तीन. बारावीवाल्यांनी एम-वन, एम-टू केलेलं असतं. आपण डिप्लोमावाले थेट तिसऱ्या मजल्यावर चढतो. लाप्लास, फूरिए, व्हेक्टर कॅल्क्युलस, आणि सर पहिल्याच दिवशी म्हणतात, "हे तुम्हाला येतंच." मी तीन वेळा बसलो. आमच्या बॅचला डिप्लोमाच्या मुलांची केटी, म्हणजे विषय राहणं, एम-थ्रीने सुरू व्हायची, काहींची वायडीवर, म्हणजे वर्ष वाया जाण्यावर, थांबायची. प्रॅक्टिकलला आम्ही सगळ्यांच्या पुढे, वर्कशॉपला तर बारावीवाले आमच्या मागे मागे फिरायचे. आणि गणिताच्या पेपरला आम्ही त्यांच्या मागे.

नोकरी करून करायचं असेल तर आत्तापासून रोज तासभर इंटिग्रेशन करायला लावा. थट्टा नाही.

ओळअनओळ
सगळी चर्चा इंजिनिअरिंगचीच चाललीय म्हणून थोडं वेगळं. मी पुणे विद्यापीठातून मराठीत एमए केलं. नोकरी मिळेल म्हणून नव्हतंच केलं, आणि घरचेही "मग काय करणार?" एवढंच विचारत होते. दोन वर्षं जयकर ग्रंथालयात पडीक होते. आज भाषांतर आणि उपशीर्षकांचं काम करते, घर चालतं. एकाही क्लायंटने आजवर पदवी विचारलेली नाही, नमुना मागतात. पण तो नमुना जमतो तो त्या दोन वर्षांच्या वाचनामुळे. हा फायदा नोकरीच्या हिशेबात कुठल्या रकान्यात लिहायचा ते आकडेमोड ह्यांनी सांगावं.

आकडेमोड
"इतर". पण खरं आहे. अट एवढीच की फी तुमच्यासारखी सरकारी विद्यापीठाची असली पाहिजे. जयकरांत बसायला कुणी चार लाख मागितले असते तर तुम्हीही हिशेब केला असता.

स्टुटगार्टहून
इकडे दहावी-बारावीनंतर आउसबिल्डुंग करतात. साधारण तीन-साडेतीन वर्षं, आठवड्यातले काही दिवस कंपनीत आणि काही दिवस शाळेत, पहिल्या महिन्यापासून पगार. पुढे माइस्टरची परीक्षा दिली की राष्ट्रीय पात्रता आराखड्यात ती बॅचलर पदवीच्या बरोबरीने, सहाव्या पातळीवर बसते. हाताने काम करणाऱ्याला वर जायचा जिना कागदोपत्री बांधलेला आहे. विक्यांची अडचण नेमकी तिथे आहे. तिकडे जिना पहिल्या मजल्यावर संपतो.

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये आमच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला होता. इलेक्ट्रिशियन, नर्स, ड्रायव्हर वगैरे. भाच्याला रस असेल तर आधी जर्मन शिकायला लावा, कागदपत्रं नंतर.

काकू_बिबवेवाडी
जर्मनीला गेला तर डिप्लोमावरही स्थळं येतील.

निळी_छत्री
मी एरवी फक्त वाचते. आज लिहावंसं वाटलं. एसवाय बीकॉमला असताना लग्न झालं, "पुढचं नंतर कर" म्हणाले. ते नंतर पंधरा वर्षांनी आलं, मिस्टर आजारी पडले तेव्हा. हिशेब मला येत होते, आमच्या दुकानाचं सगळं मीच बघायची, टॅलीसकट. पण जिथे जाईन तिथे "ग्रॅज्युएशन?" हा पहिला प्रश्न. शेवटी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीकॉम केलं, रविवारच्या तासांना माझ्या मुलीच्या वयाची मुलं शेजारी असायची. आज एका सीएंच्या ऑफिसात आहे. काम तेच करते जे दुकानात करत होते. म्हणून माझं मत विचाराल तर कागद असू द्यावा जवळ. मुलींनी तर नक्कीच.

नाना_भोसरी
ताई, तुमच्यासारखी बाई माझ्या ऑफिसला असती तर कागद विचारला नसता हो.

निळी_छत्री
नाना, तुमच्यासारखे त्या वेळी भेटले नाहीत ना.

शर्वरी_एचआर
मुलींचा विषय निघालाच आहे तर सांगते. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी राज्य सरकार भरतं. मंजिरीताई, भाच्याला बहीण असेल तर हिशेब एकदम बदलतो.

मंजिरी_को
आहे ना, धाकटी! बारावीला आहे. हे ताईला आत्ताच कळवते.

आता भाच्याचं. हा धागा त्याला पाठवला होता. काल आला तो जेवता जेवता मोबाइलवर वाचत होता, विक्यांचा "नोटेड सर" वाचून ठसकाच लागला त्याला. म्हणाला, "आमच्याकडे पण सेम." पूर्ण वेळ कॉलेज करायला अजूनही तयार नाही. नोकरी ठेवून संध्याकाळचं करायचं असेल तर बघतो म्हणतोय, पण अट अशी की फी तो स्वतः भरणार, वडिलांकडून घेणार नाही. भावजींना तेच झोंबलंय. मुलगा फी भरणार म्हणजे काय, असं म्हणून फोन ठेवला त्यांनी. आमच्या ताईला मात्र मनातून आवडलंय.

एचआरला अनुभवाच्या पत्राचं विचारणार आहे. विक्या, ना-हरकत आधी मागायची की कॉलेज मिळाल्यावर?

विक्या_चाकण
आधी सुपरवायझरच्या कानावर घालायचं, मग एचआर. उलटं केलं की सुपरवायझर रुसतो आणि शिफ्ट बदलून मिळत नाही. आणि कॉलेज बघताना आधी जाऊन संध्याकाळचे वर्ग खरंच भरतात का ते बघायला सांगा. नावापुरती बॅच काढलेली पण असते. चाकणहून सहा-साडेसहाला पोचता येतं का ते पण बघा, नाशिक फाट्याला अडकला की पहिला तास गेलाच.

एम३_पीडित
पहिला तास एम-थ्रीचाच असतो.

मंजिरी_को
:)) सांगते त्याला. नाना, तुमचं मायक्रोमीटरचं वाचून तो म्हणाला, "मी पण कागद ओढूनच माप घेतो." तुमची व्हीएमसी बघायला यायचंय म्हणतोय, प्रोग्रॅमिंग शिकायचंय. चालेल का?

नाना_भोसरी
चालेल की. गुरुवारी आमची सुट्टी असते, तो सोडून कधीही पाठवा. फोन नंबर मेसेजमध्ये टाकतो. सेफ्टी शूज घालून यायला सांगा, चप्पल घालून आला तर दारातच थांबवीन.